वर्गाचा नंबर वेगळा, घराचा वेगळा

ताई, नमस्कार.

मी इंदूरच्या एका खासगी शाळेत आठवी-नववीला गणित शिकवतो. आमचे घर मराठी, ख्रिस्ती. आजोबा नगरकडून मिशनच्या शाळेत मास्तर म्हणून इकडे आले, तेव्हापासून आम्ही इंदूरचेच. बायको नर्स आहे, तिला वरचेवर रात्रपाळी असते. मुलगी पुण्याला शिकते.

कोरोनात शाळा बंद झाल्या तेव्हा वर्गाचे व्हॉट्सॲप ग्रुप माझ्या स्वतःच्या नंबरवर सुरू झाले, ते आजवर तसेच चालू आहेत. रात्री अकराला पालकांचे मेसेज येतात, ‘सर, कल कौनसी एक्सरसाइज है?’ उत्तर गेले नाही तर सकाळी प्रिन्सिपलकडे तक्रार. पहाटे पाचला चर्चच्या ग्रुपवर बायबलची वचने, प्रार्थना-विनंत्या, फॉरवर्ड सुरू होतात. मी शास्त्र फोनवरच वाचतो, तर वाचता वाचता वचनावर कुणाच्या तरी होमवर्कचा मेसेज येऊन बसतो.

यंदा पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, पहाटेच्या उपासनेचा फोटो मी स्टेटसला ठेवला. एका पालकांनी तो पाहून वर्गाच्या ग्रुपवर लिहिले की सरांनी हे सगळे शाळेच्या ग्रुपमध्ये आणू नये. मी ग्रुपवर काहीच टाकले नव्हते. दुसऱ्या पालकांनी माझी बाजू घेतली आणि वाद वाढला. मी स्टेटस काढून टाकले, तेव्हापासून काहीच ठेवत नाही. मी माझा विश्वास लपवतोय का, हे मनाला लागून राहिले आहे.

मुले इन्स्टाग्रामवर रिक्वेस्ट पाठवतात. काही स्वीकारल्या आहेत. मागच्या महिन्यात नववीतल्या एका मुलाने रात्री उशिरा लिहिले, ‘सर, घर पे रहने का मन नहीं करता.’ मी ‘कल बात करते हैं’ म्हणालो. दुसऱ्या दिवशी तो बोलला नाही, मीही विचारले नाही.

बायको म्हणते, साधा फोन घ्या आणि हे सगळे सोडा. सोडू का?

एक शिक्षक, इंदूर

*

सर, नमस्कार.

तुम्ही विचारले शेवटी फोनबद्दल, पण मला आधी त्या मुलाबद्दल बोलायचे आहे. नववीतला मुलगा रात्री आपल्या गणिताच्या सरांना लिहितो की घरी राहावेसे वाटत नाही. त्यामागे टेस्टचे मार्क असतील, वडिलांशी झालेले भांडण असेल, कोचिंगचा कंटाळा असेल. याहून फार वाईटही काही असू शकेल. ते त्याला विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि विचारायचे कुणी, तर ज्याला त्याने सांगितले त्यानेच. दुसऱ्या दिवशी तो गप्प राहिला म्हणून विषय मिटला असे धरू नका. रात्री लिहिलेली गोष्ट सकाळी भरल्या वर्गातून उठून सरांपाशी जाऊन बोलणे त्या वयाला झेपत नाही. पुढाकार तुमचा, आणि महिना उलटला असला तरी वेळ गेलेली नाही.

उद्याच त्याला बोलवा. बंद खोलीत नको. लायब्ररीचा कोपरा, व्हरांडा, जिथे तुम्ही दोघे लोकांना दिसाल पण बोलणे ऐकू जाणार नाही अशी जागा पाहा. सरळ सांगा, तू लिहिले होतेस ते माझ्या लक्षात आहे, आता कसे आहे? मग ऐका. उपदेश नको, बायबलचे वचन नको, ‘आई-बाबा भल्यासाठीच बोलतात’ हेही नको. ‘कुणाला सांगू नका’ असे त्याने म्हटले तर तसा शब्द देऊ नका. तुझ्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर मला एका मोठ्या माणसाला सांगावे लागेल, आणि कुणाला सांगतोय ते आधी तुला कळेल, एवढे खरे सांगा. शाळेत समुपदेशक असतील तर स्वतः त्याच्यासोबत त्यांच्यापर्यंत जा. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आली तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच तासाला मदत मागा. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालतो, हिंदीत बोलता येते. मुलांसाठी 1098 आहे. घरच्यांना सांगण्याआधी मात्र धोका घरातच नाही ना, हे त्याच्या बोलण्यातून समजून घ्या. लैंगिक अत्याचाराची गोष्ट पुढे आली, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार ती पोलिसांना कळवणे तुमच्यावर बंधनकारक आहे. प्रिन्सिपलना सांगून तुमची जबाबदारी संपत नाही. त्याचा मेसेज जपून ठेवा, पण स्टाफच्या ग्रुपवर त्याचा स्क्रीनशॉट कुठल्याही कारणाने जाऊ देऊ नका.

हे झाल्यावर इन्स्टाग्राम. क्रम महत्त्वाचा आहे. आज रात्रीच तुम्ही सगळ्या विद्यार्थ्यांना एका झटक्यात काढून टाकले आणि त्यात हा मुलगाही गेला, तर त्याला वाटेल की आपण मनातले लिहिले म्हणून सरांनी तोडले. आधी त्याच्याशी बोला. मग वर्गात सगळ्यांना उघड सांगा की मी विद्यार्थ्यांना इन्स्टाग्रामवर घेत नाही, घेतले होते त्यांनाही काढतोय, यात कुणावर राग नाही, आणि ज्याला काही बोलायचे असेल त्याला मी मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या बाहेर भेटेन. ही मधली सुट्टी मग खरेच पाळा, कारण एक वाट बंद करताना दुसरी उघडी ठेवली नाही तर असा मुलगा पुढच्या वेळी कुणालाच लिहिणार नाही. तुमचे अकाउंट प्रायव्हेट करा. इन्स्टाग्राम 13 वर्षे पूर्ण झाल्यावर खाते उघडू देते, पण आपला 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला मूलच मानतो, आणि शिक्षकानेही तेच मानावे. मुलाची आणि शिक्षकाची रात्रीची खासगी चॅट दोघांचेही रक्षण करत नाही. त्यात तुम्ही ख्रिस्ती आहात. तुमच्या चॅटचे नको ते अर्थ काढायला आज काही माणसे लगेच पुढे येतील. हा अन्याय आहे, आणि तो मनात ठेवूनच तुम्हाला चालावे लागणार आहे.

आता फोन. सोडू नका. मुलगी पुण्यात, पत्नी रात्री वॉर्डात, चर्चमधली वयस्क माणसे एका फोनवर तुम्हाला हाक मारू शकतात. साध्या फोनने हेच आधी तुटेल, आणि शाळा दुसरा मार्ग काढून तुम्हाला गाठेलच. तुमचा त्रास एका नंबरमुळे आहे. तुमच्या एकाच नंबरवर शाळा, चर्च आणि घर एकत्र आले आहेत, आणि तिन्हीकडच्या माणसांना तुमचे सगळे दिसते, तुमचा सगळा वेळ मिळतो. प्रत्यक्षात तसे कधीच नव्हते. वर्गातले पालक तुमच्या रविवारच्या उपासनेत येऊन बसत नाहीत, आणि चर्चचे वडीलजन नववी ‘ब’च्या पालक सभेला येत नाहीत.

म्हणून नवे सिम घ्या आणि शाळेला त्या नंबरवर न्या. उलटे करू नका, म्हणजे जुना नंबर शाळेला देऊन घरासाठी नवा घेऊ नका, कारण जुन्याला बँक, आधार, यूपीआय, गॅस असे सगळे जोडलेले असणार. व्हॉट्सॲपमधली ‘चेंज नंबर’ची सोयही वापरू नका. ती चर्चच्या ग्रुपसकट सगळेच नव्या नंबरवर उचलून नेते. नव्या सिमवर नवे खाते उघडा, वर्गाच्या ग्रुपमध्ये त्याला ॲडमिन करा, आठवडाभर दोन्ही नंबर राहू द्या आणि मग जुन्या नंबरने बाहेर पडा. 2022 पासून ग्रुप सोडल्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते, त्यामुळे चर्चा होत नाही.

ऑक्टोबर 2023 पासून अँड्रॉइडवर एकाच व्हॉट्सॲपमध्ये दोन खाती ठेवता येतात. तरीही घरात एखादा जुना स्मार्टफोन पडलेला असेल तर शाळेचे सिम त्यात घाला, असे मी सांगेन. आवाज बंद करता येतो, पण फोन हातात आला की डोळा जातोच. जुन्या फोनवर व्हॉट्सॲप बिझनेस टाका. ते फुकट आहे आणि त्यात ‘अवे मेसेज’ ठरवून ठेवता येतो, म्हणजे संध्याकाळी सातनंतर कुणी तुम्हाला एकट्याला लिहिले की उत्तर आपोआप जाते. पालकांना समजेल अशा हिंदीतच लिहा, ‘आपका संदेश मिल गया है, कल सुबह आठ बजे के बाद जवाब दूँगा.’ मात्र हे उत्तर जायला फोन चालू आणि नेटला जोडलेला लागतो, म्हणून तो बंद न करता आवाज घालवून बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा. ‘सरांनी उत्तर दिले नाही’ ही तक्रार प्रिन्सिपलकडे गेली तरी दाखवायला तुमच्याकडे उत्तर असेल.

वर्गाचा ग्रुप ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवतील’ या सेटिंगवर ठेवा. 2018 पासून ही सोय आहे. रोज शाळा सुटल्यावर, घरी निघण्याआधी, पान नंबर आणि गणितांचे क्रमांक लिहून टाका. रात्री अकराचे निम्मे मेसेज केवळ होमवर्क वेळेवर न कळल्याने येतात.

या सेटिंगचा तुमच्यासाठी आणखी एक उपयोग आहे आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. समजा ग्रुप सगळ्यांना खुला आहे आणि नियम केला की अभ्यासाशिवाय काही टाकायचे नाही. भाद्रपदात कुणी पालक गणपतीच्या शुभेच्छा टाकणारच, कुणी ईदच्या टाकतील. नियम पाळायचा तर त्या तुम्हाला काढाव्या लागतील. ख्रिस्ती सरांनी गणपतीचा फोटो डिलीट केला, एवढीच बातमी मग फिरेल. नियम न पाळावा, तर नाताळला तुम्ही दोन शब्द लिहिले की ईस्टरसारखा वाद पुन्हा उभा राहील. दोन्हीकडून तुमचीच कोंडी. ग्रुपवर फक्त सूचना जात असतील तर काढण्याचा प्रसंगच येत नाही. कुणाच्या शुभेच्छा स्वतंत्रपणे आल्या तर मनापासून उत्तर द्या. आणि शाळेच्या ग्रुपवर तुम्ही स्वतः वचन, उपासनेचे निमंत्रण, गीत यांतले काहीही टाकत नाही, हे उत्तमच आहे. तसेच राहू द्या. मध्य प्रदेशात 2021 पासून धार्मिक स्वातंत्र्याचा, म्हणजे फसवून किंवा जबरदस्तीने केलेल्या धर्मांतराविरुद्धचा, नवा कायदा आहे आणि त्याच्या नावाने तक्रार करणे सोपे आहे. पण मी हे भीतीपोटी सांगत नाही. वर्गातली मुले तुमच्याकडे गणितासाठी सोपवलेली आहेत, म्हणून सांगते. एखाद्या मुलाने ‘सर, माझ्या पेपरसाठी प्रार्थना करा’ म्हटले तर त्याला शुभेच्छा द्या, तयारी कुठे कच्ची आहे ते विचारा, आणि प्रार्थना घरी करा. तिचा मेसेज करायची गरज नाही.

आता स्टेटस. ज्या पालकांनी ते पाहिले, त्यांचा नंबर तुमच्या फोनमध्ये सेव्ह आहे. दोघांनीही एकमेकांचा नंबर सेव्ह केलेला असेल तरच व्हॉट्सॲपचे स्टेटस दिसते. शाळा नव्या नंबरवर गेली की घरच्या फोनमधून पालकांचे नंबर काढून टाका, प्रश्न तिथेच सुटतो. तोवर स्टेटसच्या प्रायव्हसीत ‘माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट’ निवडून पालकांना वगळा. प्रोफाइल फोटोलाही तशीच सोय आहे.

हे लपवणे आहे का? मला तसे मुळीच वाटत नाही, आणि तुम्ही हे ओझे मनावरून उतरवावे अशी माझी फार इच्छा आहे. विश्वास लपवणारा माणूस कुणी विचारल्यावर नाही म्हणतो. तुमचे नाव, आडनाव, रविवारी सकाळी तुम्ही कुठे असता, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. नाताळात तुमच्या घरच्या करंज्या स्टाफरूममध्ये जात असतील तर त्याहून उघड ते काय असते? उपासनेचा फोटो त्या पहाटे तुमच्यासोबत आनंद करणाऱ्यांसाठी होता. तो त्यांनाच दिसला म्हणून त्याचे मोल कमी होत नाही. संविधानाच्या कलम 25 ने तुम्हाला आपला धर्म पाळण्याचा हक्क दिला आहे, आणि रविवारी तुमच्या खासगी स्टेटसवर काय असावे हे ठरवणे कुठल्याही पालकांचे काम नाही. त्या पालकांची चूक झाली. तुम्ही ग्रुपवर काही टाकले नव्हते, एवढे एक वाक्य तुम्ही तेव्हा शांतपणे लिहिले असते तरी चालले असते. आता ते उकरू नका. पण पुढच्या नाताळला फोटो जरूर ठेवा.

आणखी एक गोष्ट, त्या एका मेसेजलाच सगळे शहर समजू नका. तुमच्या बाजूने बोलणारे पालकही त्याच ग्रुपवर होते, हे तुम्हीच लिहिले आहे. इंदुरात ख्रिस्ती मास्तर ही नवी गोष्ट नाही. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने 1877 साली इथे काम सुरू केले, 1887 साली इंदूर ख्रिश्चन कॉलेज उभे राहिले, आणि पिढ्यान्‌पिढ्या हिंदू, मुसलमान, जैन घरांतली मुले तिथे शिकली. किशोरकुमार तिथलेच विद्यार्थी. तुमचे आजोबा त्याच परंपरेत इकडे आले. ज्यांच्या घरी अशा मास्तरांची आठवण निघते ती माणसे ग्रुपवर सहसा लिहीत नाहीत, पण शहरात ती आहेत.

चर्चच्या ग्रुपबद्दल थोडेच सांगते. प्रार्थना-विनंतीत आजारी माणसाचे नाव, ऑपरेशनचा तपशील आणि दवाखान्यातला फोटो टाकण्याची सवय अनेक मंडळ्यांत आहे. हेतू चांगला असतो, पण त्या आजारी माणसाला विचारलेले नसते. ‘एका कुटुंबासाठी प्रार्थना करा’ एवढे पुरते, बाकी पाळकांना ठाऊक असते. चर्चवरच्या हल्ल्याचे म्हणून येणारे व्हिडिओ दोन बाणांची खूण असलेले, म्हणजे अनेक हातांतून आलेले असतील, तर तारीख आणि गाव कळल्याशिवाय पुढे पाठवू नका. कितीदा ते जुने आणि भलतीकडचे निघतात, आणि घाबरतात ती आपलीच म्हातारी माणसे. तुम्ही तिथे ॲडमिन असाल तर इतरांच्या पोस्टसाठी केवळ ॲडमिन म्हणून तुम्हाला गुन्हेगार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 साली म्हटले आहे. तरी खोटे दिसले की काढून टाका, 2022 पासून ॲडमिनला ते करता येते. हा ग्रुप म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका आणि दिवसातून एकदा उघडा.

शास्त्रवाचनासाठी छापील प्रत वापरा, तिथे कुणाचा होमवर्क येत नाही. मी ख्रिस्ती नाही, पण मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातला एक प्रसंग मला तुमच्या पत्रामुळे आठवला. येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला जातो. शिष्य त्याला शोधत येतात आणि सांगतात की सगळे तुम्हाला शोधताहेत. तो त्या लोकांकडे परत जात नाही, पुढच्या गावांना निघतो. सगळ्यांना आपण हवे असतानाही त्याने तो वेळ स्वतःकडे ठेवला, आणि त्याला कुणी बेजबाबदार म्हणत नाही. तुम्हीही रात्री अकराच्या पालकांना नाही म्हणताना अपराधी वाटून घेऊ नका.

रात्री घरच्या फोनवर ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा आणि त्यातून पत्नी, मुलगी, पाळक आणि प्रिन्सिपल यांचे कॉल वगळा. कॉल येऊ द्या, मेसेज नको. खरी अडचण असेल तो माणूस कॉल करतोच. पत्नीची रात्रपाळी असताना तुम्ही फोनजवळ असणे तिच्यासाठी गरजेचे आहे, हे तिच्याशी बोलून ठरवा. ती फोन सोडा म्हणते, त्यामागे ती घरी असताना तुम्ही फोनमध्ये असता हे दुखणे असू शकेल. विचारून पाहा.

प्रिन्सिपलना एक पानी पत्र द्या, शक्य असेल तर दोघातिघा सहकाऱ्यांसह. शाळेच्या खर्चाने सिम, उत्तरांची ठरलेली वेळ आणि सूचना-ग्रुप, एवढेच मागा. सिम शाळेचे असेल तर वर्गशिक्षक बदलला तरी नंबर तोच राहतो, हा त्यांचाही फायदा आहे, तो आधी लिहा. खासगी शाळेत नोकरीची भीती असते, म्हणून तक्रारीचा सूर टाळा. त्यांनी नाही म्हटले तरी दुसरे सिम घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. नवा नंबर पालकांना पुढच्या पालक सभेत समोरासमोर सांगा आणि फळ्यावर लिहा. ग्रुपवर टाकलेली सूचना बरेच जण वाचत नाहीत, आणि मग जुन्या नंबरवर फोन येत राहतात.